महावैद्य सुन सिमियाओ : चिनी वैद्यकाचा करुणामय आचार्य

आजारपण आणि कर्ज यांची जोडी आपल्या समाजाला नवी नाही. घरातील एक माणूस दीर्घकाळ अंथरुणाला खिळला की आधी साठवलेले पैसे जातात, मग दागिने जातात आणि शेवटी जमिनीचा तुकडाही जातो. ज्या घरांनी हे सोसले आहे, त्यांना ते सांगावे लागत नाही. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी चीनच्या शान्शी प्रांतातील एका घराने हेच सोसले होते. त्या घरातील आजारी मुलगा पुढे वाचला, वाढला आणि चीनच्या इतिहासातील सर्वांत आदरणीय वैद्यांमध्ये गणला गेला. त्याचे नाव सुन सिमियाओ. चिनी लोक त्यांना आजही औषधिराज म्हणतात.

या स्मरणिकेच्या वाचकांपुढे त्यांचे चरित्र ठेवताना आमच्या मनात दोन हेतू आहेत. पहिला असा की, चिनी वैद्यक म्हणजे केवळ सुया टोचणे, एवढीच माहिती आपल्याकडे बहुधा असते. त्या वैद्यकाचे स्वरूप एका आयुष्याच्या आधाराने समजून घेता यावे. दुसरा हेतू आमच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. वैद्याच्या शिक्षणात औषधींच्या ज्ञानाइतकेच मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांनाही स्थान असले पाहिजे, असे या माणसाने लिहून ठेवले आणि ते आयुष्यभर आचरणात आणले.

आजारी मुलाचे शिक्षण

सुन सिमियाओ यांचा जन्म सामान्यतः इ.स. 581 मध्ये झाला असे मानतात. हेच वर्ष चीनमध्ये स्वी राजवटीच्या स्थापनेचे होते. त्यांचे गाव आजच्या तोंगच्वान शहराच्या हद्दीतील याओचोऊ भागात येते. तांग राजवटीची राजधानी चांगआन, म्हणजे आजचे शीआन, तेथून फार दूर नाही.

लहानपणी त्यांना वारंवार सर्दी-तापाचे विकार जडत. वैद्यांच्या दारी फेऱ्या होत राहिल्या आणि औषधपाण्यापायी घरची सारी मिळकत संपली, असे त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. मूल मात्र बुद्धीने तल्लख होते. सातव्या वर्षी ते दिवसाला हजार अक्षरे पाठ करीत, अशी नोंद तांग राजवटीच्या जुन्या इतिहासात आहे. अठराव्या वर्षी त्यांनी वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. विशीत येईतो त्यांना या विद्येची काही वाट दिसू लागली होती. नातलग आणि शेजारीपाजारी यांच्या दुखण्यांवर ते उपचार करू लागले होते आणि स्वतःच्या आजारासाठी दुसऱ्या वैद्याचे दार ठोठावण्याची गरज त्यांना उरली नव्हती.

तरुणपणीच त्यांनी लाओत्से आणि च्वांगत्से या ताओ परंपरेच्या आचार्यांचा अभ्यास केला, आणि त्याचबरोबर बौद्ध ग्रंथही आवडीने वाचले. पुढील काळात ताओ परंपरेने त्यांना आपले मानले, तर बौद्ध विचाराची छाप त्यांच्या ग्रंथांत जागोजागी दिसते. त्या काळच्या चीनमध्ये कन्फ्यूशियस, ताओ आणि बुद्ध यांच्या शिकवणी शेजारी शेजारी नांदत होत्या. सुन सिमियाओ यांनी तिन्हींकडून घेतले.

ज्या वैद्यकात ते वाढले

त्यांच्या हाती आलेली विद्या त्यापूर्वीच कित्येक शतके जुनी होती. तिचा पाया सांगायचा तर तो असा. शरीरात छी नावाची एक जीवनशक्ती वाहते. आपल्या भाषेत प्राण या शब्दाने तिची काहीशी कल्पना येते. यिन आणि यांग अशी परस्परपूरक तत्त्वांची जोडी सर्व सृष्टीत आहे: एक शीत, शांत, अंतर्मुख, दुसरे उष्ण, चंचल, बहिर्मुख. या दोहोंचा तोल सांभाळला गेला की आरोग्य, आणि तो ढळला की रोग. याशिवाय काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल या पाच अवस्था मानलेल्या असून त्यांचा संबंध अनुक्रमे यकृत, हृदय, प्लीहा, फुप्फुस आणि मूत्रपिंड यांच्याशी जोडलेला आहे. छी ज्या मार्गांनी शरीरभर फिरते ते मुख्य मार्ग बारा आहेत, असे हे वैद्यक सांगते. आयुर्वेदाच्या त्रिदोषांशी परिचय असलेल्या वाचकाला या मांडणीत ओळखीचे काही सापडेल, पण दोन्ही विद्यांची चौकट वेगळी आहे हेही ध्यानी ठेवावे.

रोग ओळखण्याचे चार मार्ग सांगितले जातात. पहिला, पाहणे: चेहऱ्याचा रंग, चालण्याची ढब, जिभेचा वर्ण आणि तिच्यावरील थर. दुसरा, ऐकणे आणि वास घेणे. चिनी भाषेत या दोन्हींसाठी एकच शब्द आहे. तिसरा, विचारणे: झोप, भूक, तहान, घाम, शौच. चौथा, स्पर्श, त्यात नाडीपरीक्षा मुख्य. मनगटावर तीन बोटे ठेवून प्रत्येक बोटाखाली नाडीची गती, खोली आणि ताण पाहिला जातो.

उपचारांत सर्वांत मोठा वाटा वनस्पतिज औषधांचा. एकेरी औषध क्वचितच देतात. अनेक द्रव्ये एकत्र करून काढा, चूर्ण किंवा गोळी केली जाते, आणि मुख्य द्रव्याची तीव्रता कमी करणारे, त्याला साहाय्य करणारे असे घटक सोबत योजले जातात. ज्येष्ठमध, आले, दालचिनी, रेवंदचिनी ही आपल्या ओळखीची द्रव्ये चिनी काढ्यांतही नित्याची आहेत. दुसरा उपचार सुयांचा. छी-मार्गांवरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून त्या काही वेळ ठेवतात. तिसरा शेकाचा: दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीची वाळलेली पाने कुटून त्यांचा कापसासारखा लगदा करतात आणि तो त्याच बिंदूंवर किंवा त्यांच्या जवळ जाळून ऊब देतात. याखेरीज मर्दन, तुंबड्या लावणे, श्वसनाचे व अंगाच्या हालचालींचे व्यायाम आणि आहारनियम हेही या वैद्यकाचे अंग आहे.

सुन सिमियाओ यांचा आग्रह असा की, ही साधने एकमेकांपासून तोडू नयेत. केवळ सुया जाणणारा पण शेक न जाणणारा, किंवा सुया व शेक जाणणारा पण औषधे न जाणणारा, असा कोणीही त्यांच्या मते चांगला वैद्य नव्हता.

राजदरबाराला नकार

त्यांची कीर्ती दरबारापर्यंत पोहोचली. तांग सम्राट ताइत्सुंग याने त्यांना राजधानीत बोलावून घेतले. उतारवयाकडे झुकलेल्या या माणसाची तरतरीत मुद्रा पाहून सम्राट चकित झाला आणि त्याने त्यांना पद देऊ केले. सुन सिमियाओ यांनी ते स्वीकारले नाही. पुढे सम्राट काओत्सुंग यानेही त्यांना बोलावून दरबारी सल्लागाराचे मानाचे पद देऊ केले; तेही त्यांनी नाकारले. त्या काळी असा नकार देणे ही साधी गोष्ट नव्हती. इ.स. 674 मध्ये त्यांनी प्रकृतीचे कारण सांगून घरी परतण्याची परवानगी मागितली. सम्राटाने त्यांना निरोपादाखल एक उत्तम घोडा दिला आणि राहण्यासाठी एका दिवंगत राजकन्येचा वाडा नेमून दिला.

दरबाराचे पद नाकारले, तरी विद्वानांपासून ते दूर राहिले नाहीत. मागील राजवटींचा इतिहास लिहिण्याचे काम वेइ चंग या मंत्र्याकडे होते. तो जुन्या घटनांविषयी सुन सिमियाओ यांच्याकडे विचारणा करीत असे. लू चाओलिन हा त्या काळचा नामांकित कवी त्यांना गुरुस्थानी मानी. हा कवी दुर्धर व्याधीने ग्रासलेला होता. त्याचे हातपाय हळूहळू लुळे पडत चालले होते. इ.स. 673 मध्ये तो गुरूंच्या सहवासात चांगआन येथे राहिला. वाड्याच्या आवारातील एका रोगट नासपतीच्या झाडावर त्याने रचना केली, आणि तिच्या प्रास्ताविकात आपल्या या वृद्ध गुरूचे शब्दचित्रही रेखाटले. निसर्गात ऋतू बिघडतात तसेच माणसाच्या देहातही बिघाड होतात, आणि दोहोंवर उपाय असतात, अशा आशयाचे बोलणे गुरूंनी त्याच्याशी केले. निर्णय घेताना वैद्याने धाडसी असावे, पण तपशिलांत अतिशय सावध राहावे, हेही त्यांनी त्याला समजावले.

या कवीचा आजार मात्र बरा झाला नाही. पुढे वेदना असह्य होऊन त्याने नदीत उडी घेऊन जीवन संपवले. महान वैद्याच्या चरित्रात ही गोष्ट सांगणे काहींना अप्रस्तुत वाटेल. आम्हांला ती सांगणे आवश्यक वाटते. कारण प्रत्येक रोगी बरा करता येतो असा दावा सुन सिमियाओ यांनी कधी केला नाही.

सहस्र सुवर्णाहून मोलाचे

इ.स. 652 मध्ये त्यांचा मुख्य ग्रंथ पूर्ण झाला. त्याचे तीस खंड आहेत आणि त्यांत पाच हजारांहून अधिक औषधयोग दिलेले आहेत. ग्रंथाच्या नावात सहस्र सुवर्ण हे शब्द आहेत. माणसाचा जीव हजार सुवर्णाहून मोलाचा असतो, आणि ज्या एका योगाने तो वाचतो त्या योगाचे पुण्य त्याहूनही मोठे, असा या नावामागील भाव. औषधापायी ज्याच्या घरचे धन संपले, त्या माणसाने आपल्या ग्रंथाला हे नाव द्यावे, यात आम्हांला मोठा अर्थ दिसतो. तीस वर्षांनी, आयुष्याच्या अखेरीस, त्यांनी तितक्याच खंडांचा पूरक ग्रंथ सिद्ध केला. त्यात आठशेहून अधिक औषधी द्रव्यांची माहिती आहे. वनस्पती कोणत्या ऋतूत तोडावी, सावलीत वाळवावी की उन्हात, कोणत्या प्रदेशातील चांगली, याचा तपशील आहे.

या ग्रंथाची रचना पाहण्यासारखी आहे. सामान्य सूचनांनंतर पहिल्यांदा येतात ते स्त्रियांचे आणि बालकांचे विकार. गर्भधारणा, बाळंतपण आणि त्यानंतरची दुखणी यांमुळे स्त्रीचा देह स्वतंत्र अभ्यास मागतो, आणि मूल वाढले नाही तर माणूसच उरणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. सातव्या शतकातील वैद्यकग्रंथात आईला आणि लेकराला मिळालेले हे अग्रस्थान आजही आदराने पाहावे असे आहे.

त्यांच्या निरीक्षणाची काही उदाहरणे पाहा. समुद्रापासून दूर असलेल्या डोंगराळ भागांत गलगंड फार आढळे. त्यावर ते समुद्रातील शेवाळे आणि जनावरांच्या गळ्यातील ग्रंथी देत. अशा शेवाळ्यात आयोडीन असते, हे जगाला कळायला पुढे हजाराहून अधिक वर्षे जावी लागली. रातांधळेपणावर ते प्राण्यांचे यकृत खायला सांगत. त्यात जीवनसत्त्व अ भरपूर असते. लघवी अडून तळमळणाऱ्या रुग्णासाठी त्यांनी कांद्याच्या पातीची पोकळ नळी वापरण्याची कृती लिहून ठेवली. पातीचे टोक काढून ती हलकेच मूत्रमार्गात घालायची आणि फुंकर मारायची, म्हणजे मार्ग मोकळा होई.

सुयांच्या उपचारातही त्यांनी व्यवहार्य सुधारणा केल्या. बिंदूंची जागा शोधताना ठरावीक मापाची पट्टी घेतली, तर उंच माणूस आणि लहान मूल यांच्यात घोटाळा होणारच. म्हणून रुग्णाच्याच बोटाच्या पेराने त्याचे अंग मोजावे, ही पद्धत त्यांनी मांडली. देहाची समोरून, पाठीमागून आणि बाजूने अशी तीन चित्रे त्यांनी सिद्ध केली आणि छी-मार्ग वेगवेगळ्या रंगांत दाखवले. ती चित्रे आज उपलब्ध नाहीत, पण त्यांचे वर्णन ग्रंथात आहे. जेथे दाबताच रुग्ण कळवळून होकार भरतो, ती दुखरी जागा हाही उपचाराचा बिंदू मानावा, असे त्यांनी नोंदवले. चिनी भाषेतील त्या उद्गारावरूनच अशा बिंदूंना आजही आ-श म्हणतात.

वैद्याचे शील

त्यांच्या ग्रंथाच्या आरंभी वैद्याच्या कर्तव्यावरील एक छोटे प्रकरण आहे. चीनमधील वैद्यकाचे विद्यार्थी आजही ते अभ्यासतात. त्याचा सारांश आम्ही आमच्या शब्दांत देत आहोत.

वैद्याने उपचाराला बसताना मन स्थिर करावे, मनातील लोभ बाजूला सारावा आणि सर्व जीवांचे दुःख दूर करण्याचा संकल्प करावा. दारी आलेला माणूस गरीब आहे की श्रीमंत, उच्चपदस्थ आहे की सामान्य, तरुण आहे की वृद्ध, देखणा आहे की कुरूप, मित्र आहे की वैरी, चिनी आहे की परदेशी, शहाणा आहे की अडाणी, हे पाहू नये. सर्वांना आपल्या जिवलगासारखे मानावे. रात्र असो, थंडी असो, ऊन असो, भूक लागलेली असो वा थकवा आलेला असो, बोलावणे आले की निघावे. एखाद्याला दुर्गंधी येणाऱ्या जखमा असतील, जुलाबांनी त्याची दैना झाली असेल, इतर लोक त्याच्याकडे बघवत नाही म्हणून तोंड फिरवीत असतील. वैद्याच्या मनात त्याच्याविषयी किळस येता कामा नये, केवळ कणव यावी.

रुग्णाच्या घरी गेल्यावर तेथील रेशमी पडदे, गाणेबजावणे आणि पक्वान्ने यांत रमू नये, कारण त्याच घरात एक जीव वेदनेने तळमळत असतो. रुग्ण श्रीमंत आहे म्हणून त्याला दुर्मिळ, महाग औषध लिहून देऊन आपले कौशल्य मिरवू नये. दुसऱ्या वैद्यांची निंदा करू नये. एखादा रुग्ण योगायोगाने बरा झाला तर मान ताठ करून फिरू नये.

आम्हांला यात एक गोष्ट ठळकपणे जाणवते. येथे समता ही घोषणा म्हणून आलेली नाही. ती हाताने करायच्या कामाची अट म्हणून आली आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या स्पर्श नाकारला गेला, त्यांना वैद्याचा स्पर्श समानतेने मिळणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आणि हे सारे त्यांनी केवळ लिहिले नाही. त्या काळी कुष्ठरोग्यांना समाज दूर लोटत असे. सुन सिमियाओ यांनी आपल्या हयातीत सहाशेहून अधिक कुष्ठरोग्यांवर स्वतःच्या हातांनी उपचार केले आणि त्यांची सेवाशुश्रूषाही स्वतः केली. त्यांतील साधारण दहांपैकी एक बरा झाला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. दहांतील नऊ बरे झाले नाहीत, हे एका कीर्तिमान वैद्याने आपल्याच ग्रंथात नोंदवावे, याला मोठे मन लागते. बरे होण्याची आशा इतकी थोडी असतानाही ते सहाशे वेळा त्या रोग्यांजवळ जाऊन बसले. भगवान बुद्धांनी एकदा सर्वांनी दुर्लक्षिलेल्या, मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः स्नान घातले होते, ही विनयपिटकातील कथा आपण जाणतो. सुन सिमियाओ यांची वाट तीच होती.

भारतभूमीशी नाते

वैद्याने काय काय वाचावे याची यादी त्यांनी दिली आहे. त्यात वैद्यकग्रंथ आहेत, इतिहास आणि तत्त्वज्ञान आहे, आणि बौद्ध ग्रंथही आहेत. ते न वाचल्यास मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे गुण वैद्याला कळणार नाहीत, असे कारण त्यांनी दिले. विहारात आपण ज्यांना चार ब्रह्मविहार म्हणून जाणतो, ते चिनी वैद्यकाच्या अभ्यासक्रमात असे पोहोचले.

पृथ्वी, जल, अग्नी आणि वायू या चार महाभूतांनी देह बनतो, त्यांतील एकेक बिघडले की एकशे एक आणि चारही बिघडली की चारशे चार रोग उद्भवतात, ही भारतीय बौद्ध मांडणी त्यांच्या ग्रंथात आहे. पूर्वापार चालत आलेल्या पाच अवस्थांच्या चिनी मांडणीशेजारी त्यांनी ती ठेवली. अठरा हालचालींचा एक मर्दन-व्यायाम त्यांनी भारताचा म्हणून दिला आहे. आणि राजा बिंबिसाराचा व भगवान बुद्धांचा वैद्य जीवक याचे नाव तर त्यांच्या ग्रंथांत आदराने येते. त्याच्या नावाचे औषधयोगही तेथे आहेत. जगातील प्रत्येक वस्तू औषध आहे, हा विचार सुन सिमियाओ यांनी जीवकाच्या नावे नोंदवला. तक्षशिलेला गुरूने औषध नसलेली वनस्पती शोधून आण म्हणून पाठवले असता जीवक रिकाम्या हातांनी परतला होता, ही पाली कथा ज्यांना माहीत आहे, त्यांना या विचाराचे मूळ सहज उमगेल.

प्राण्यांच्या हत्येविषयीही त्यांनी असेच लिहिले. एक जीव वाचवण्यासाठी दुसरा जीव मारणे त्यांना पटत नसे. म्हणून जिवंत प्राण्यांपासून बनणारी औषधे ते शक्यतो टाळीत.

हा काळ ध्यानात घेतला म्हणजे चित्र पूर्ण होते. याच चांगआन नगरीत इ.स. 645 मध्ये ह्युएनत्संग भारतातून शेकडो ग्रंथ घेऊन परतला. त्यापूर्वी, इ.स. 641 च्या सुमारास, तो पुलकेशी दुसऱ्याच्या महाराष्ट्रात येऊन गेला होता. येथील लोकांचे आणि डोंगरात कोरलेल्या विहाराचे वर्णन त्याने लिहून ठेवले. ते अजिंठ्याचेच असावे असे अभ्यासक मानतात. सुन सिमियाओ ज्या नगरीत वावरले, त्या नगरीत आपल्या भूमीची वार्ता अशी पोहोचली होती.

झाकून ठेवलेली विद्या

चार शतकांपूर्वी चांग चोंगचिंग नावाच्या वैद्याने तापाच्या विकारांवर एक असामान्य ग्रंथ लिहिला होता. पहिला ग्रंथ लिहिताना तो सुन सिमियाओ यांना पूर्णपणे पाहायला मिळाला नाही, कारण दक्षिणेकडील वैद्य त्यातील योग गुप्त ठेवीत आणि कोणाला दाखवीत नसत. याची खंत त्यांनी उघडपणे नोंदवली. पुढे उतारवयात तो मजकूर त्यांच्या हाती आला, तेव्हा त्यांनी तो झाकून ठेवला नाही. त्याची नीट मांडणी करून तो आपल्या दुसऱ्या ग्रंथात सर्वांसाठी खुला केला. आयुष्यभर त्यांचा शिरस्ता हाच होता. कोणाजवळ एखादा गुणकारी योग आहे असे कळले की अंतर कितीही असो, ते तेथे जाऊन शिकत, आणि शिकलेले लिहून ठेवीत. घरातल्या घरात सामान्य माणसाला वापरता यावा असाच ग्रंथ करण्याची त्यांची इच्छा होती.

विद्या झाकून ठेवणारे आणि विद्या वाटणारे, अशी माणसांची विभागणी प्रत्येक देशात दिसते. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले, त्यांच्या मुलांनी शिकून मोठे झाल्यावर यांपैकी कोणत्या बाजूला उभे राहायचे, हा प्रश्न हे चरित्र आपल्यापुढे ठेवते.

आरोग्याचे साधे नियम

रोग झाल्यावर आधी आहाराने उपाय करावा, तो न चालल्यास औषध द्यावे, असा त्यांचा क्रम होता. आहारावर त्यांनी स्वतंत्र प्रकरणच लिहिले. जेवताना घाई करू नये, पोट गच्च भरू नये, जेवण झाल्यावर चुळा भराव्यात, थोडे चालावे, पोटावरून हात फिरवावा, जेवून लगेच आडवे होऊ नये, रोज अंगाला थोडे श्रम द्यावेत, रागाला आणि चिंतेला आवर घालावा. यांत कोणतेही गूढ नाही आणि खर्चही नाही. वसतिगृहातील मुलांनाही हे नियम पाळता येतील.

याच ठिकाणी एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. जुन्या ग्रंथातील सर्वच गोष्टी आज ग्राह्य नाहीत. सुन सिमियाओ यांच्या ग्रंथांत मंत्रतंत्र आहेत, पारा आणि सोमल यांसारखी विषारी द्रव्येही आहेत. त्यांनी स्वतः एक गोष्ट मात्र ओळखली होती. पाच खनिजांचे एक चूर्ण त्या काळी श्रीमंतांत शक्तिवर्धक म्हणून लोकप्रिय होते आणि त्याने अनेकांचे देह नासत. ती कृती हाती पडल्यास जाळून टाकावी, असे त्यांनी बजावले. जुने ते तपासून घ्यावे, हा धडा त्यांनीच घालून दिला आहे. आधुनिक काळात तू यूयू या चिनी संशोधिकेने हेच केले. चौथ्या शतकातील को हुंग याच्या ग्रंथातील एका नोंदीचा धागा पकडून त्यांनी वनस्पतीतून हिवतापावरील औषध वेगळे केले, प्रयोगांनी ते सिद्ध केले आणि 2015 चे नोबेल पारितोषिक मिळवले. सुयांच्या उपचाराला 2010 मध्ये युनेस्कोच्या वारसा-यादीत स्थान मिळाले. काही प्रकारच्या दीर्घकालीन वेदनांत त्याचा उपयोग होतो असे चाचण्यांत दिसले आहे. पण क्षय, मधुमेह, कर्करोग यांसारख्या आजारांत रुग्णालयातील उपचार सोडून कोणत्याही देशाच्या काढ्यावर विसंबणे घातक ठरेल.

सुयांचा उपचार आपल्या देशात रुजण्यामागेही सेवेचीच कथा आहे. 1938 मध्ये युद्धग्रस्त चीनच्या मदतीस गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. डॉ. कोटणीस यांनी 1942 मध्ये तेथेच देह ठेवला. त्यांचे सहकारी डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये हे तंत्र शिकून ते भारतात आणले.

अखेर

इ.स. 682 मध्ये सुन सिमियाओ यांचे निधन झाले. शंभरी त्यांनी पार केली होती. आपला अंत्यविधी साधा असावा, सोबत मौल्यवान वस्तू पुरू नयेत आणि प्राण्यांचा बळी देऊ नये, अशी इच्छा त्यांनी सांगून ठेवली होती. लोकांनी मात्र त्यांच्याभोवती दंतकथा गुंफल्या. घशात हाड अडकलेल्या वाघाला त्यांनी बरे केले आणि तो त्यांचा रक्षक झाला, ही त्यांतली सर्वांत आवडती. म्हणून चित्रांत त्यांच्याजवळ वाघ दिसतो. त्यांच्या गावाजवळचा डोंगर औषधिराजाचा डोंगर म्हणून ओळखला जातो. तेथे त्यांचे मंदिर आहे, शिलालेख आहेत. अकराव्या शतकात सोंग राजवटीने त्यांचा ग्रंथ तपासून छापून घेतला. त्याआधीच तो जपानला पोहोचला होता आणि 984 मध्ये तेथे सिद्ध झालेल्या वैद्यकसंग्रहात त्याचा आधार घेतला गेला.

आपल्या शाळांतून शिकलेली मुले-मुली आज डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते होत आहेत. काही शासकीय दवाखान्यांत आहेत, काहींनी स्वतःचे दवाखाने काढले आहेत. त्यांच्या दारात उद्या एखादी आई उभी राहील. तिच्या पदरात आजारी मूल असेल आणि गाठीला फारसे पैसे नसतील. सुन सिमियाओ यांचे घर असेच एकदा वैद्याच्या दारात उभे होते. त्या आईला काय मिळते, यावरच आपल्या शिक्षणाची परीक्षा व्हावी, अशी आमची नम्र भावना आहे.